मंजुळा काही मागत नव्हती

दिंडोरीतल्या एका बँकेच्या शाखेत मी अकरा वर्षे काम केले. ऑक्टोबर उजाडला की नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सातच्या सुमारास पिकअप गाड्या दिसू लागत. मागच्या हौद्यात पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या दाटीवाटीने बसलेल्या असत, बायकांनी डोक्याला रुमाल गुंडाळलेले असत आणि कोणाच्या तरी मांडीवर एखादे मूल झोपलेले असे. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले होते, की त्यावर कथा लिहिण्याइतके आपल्याला नक्कीच माहीत आहे असे मी धरून चाललो. तीन वर्षांपूर्वी मी ती कथा लिहायला घेतली. तिची नायिका मंजुळा, वय तिशीच्या आसपास, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. त्या कथेचे पुढे काय झाले ते इथे लिहितो आहे, कारण गोष्ट रंगवणे आणि माणसाला न्याय देणे या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मला या एका कथेने जितका छळला तितका आधीच्या कुठल्याही लेखनाने छळला नव्हता.

पहिला खर्डा मी वीस-बावीस दिवसांत लिहून काढला. त्यात मंजुळा नवऱ्याबरोबर एका बागायतदाराच्या द्राक्षबागेत छाटणीच्या कामाला येते. नवरा काशिराम दारू पितो आणि आठवड्याची मजुरी उडवतो, मूल तापाने फणफणते, मालकीण औषधाला पैसे देते आणि शेवटी मंजुळा मालकिणीच्या ओट्याच्या पायरीवर बसून डोळे पुसते. लिहिताना मला स्वतःला गहिवरून आले होते, आणि गहिवर आला म्हणजे कथा खरी उतरली असे मी मानले होते.

आमच्या घरी नेहमी येणाऱ्या एक ताई आहेत. त्या सुरगाण्याकडच्या. लहानपणी आईच्या टोळीबरोबर बागांमध्ये राहिलेल्या, आणि आता नाशिकमध्ये प्राथमिक शाळेत शिकवतात. मी त्यांना खर्डा वाचायला दिला. त्यांनी तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चहा गार होईपर्यंत, एकदाही मान वर न करता वाचला. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची बाई पूर्ण गोष्टीत काही मागतच नाही."

मी म्हणालो, "ती बिचारी काय मागणार?"

"तेच तर. तिला तुम्ही बिचारी करून ठेवलीत. आमच्या आया आठ दिवसांच्या हिशेबात पाच रुपये कमी आले तर मुकादमाला झोपू द्यायच्या नाहीत."

त्यानंतर बराच वेळ त्या बोलत होत्या आणि मी मिळेल त्या कागदावर लिहून घेत होतो. त्यांचा दुसरा आक्षेप भाषेबद्दल होता. मंजुळेच्या तोंडी मी 'आरं', 'व्हय', 'नगं' असे शब्द घातले होते. "ही साताऱ्याकडची बाई वाटते," ताई म्हणाल्या, "आमच्याकडे कोण असं बोलतं?" सुरगाण्याकडची पुष्कळ माणसे घरात कोकणा बोलतात, आणि ती बोली तळकोकणातल्या कोकणीहून पूर्ण वेगळी. मला ते माहीत होते. तरीही लिहिताना हाताला जे आले ते सिनेमा-नाटकांतून साठलेले सरधोपट गावरान मराठी होते. पात्र खेड्यातले आहे एवढे वाचकाला सांगण्याची ती एक खूण होती. मंजुळेच्या जिभेशी तिचा काही संबंध नव्हता.

या दोन आक्षेपांनी मी इतका धास्तावलो, की दुसऱ्या खर्ड्यात नेमकी उलट चूक केली. आता मंजुळेचा अपमान होता कामा नये, तिच्या समाजाबद्दल काही चुकीचे जाता कामा नये, अशा काळजीने मी वाचन सुरू केले. सार्वजनिक वाचनालयात (१८४० सालापासून नाशिककरांना पुस्तके पुरवणारी ही संस्था माझ्यासारख्या अनेकांचे दुसरे घर आहे) महिनाभर बसून टिपणे काढली. मग कथेत धान्याची देवता कणसरी माता आली, मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव आला, बोहाड्याच्या उत्सवातली मुखवट्यांची सोंगे आली, २००६ चा वनहक्क कायदा आला. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातही मी मंजुळेला चालवले, आणि तिच्या रक्ताळलेल्या तळव्यांवर दीड पान खर्च केले. काशिरामची दारू काढून टाकली. मंजुळा आता कष्टाळू, स्वाभिमानी, शहाणी आणि समाजाचे भान असलेली झाली होती. तिच्यात एकही दोष उरला नव्हता.

आम्ही चौघे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या गच्चीवर बसून एकमेकांचे लेखन वाचतो. तिथे हा खर्डा वाचला. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातला सर्वांत कमी बोलणारा मित्र म्हणाला, "माहिती चांगली जमवली आहेस. गोष्ट कधी सुरू होणार आहे?"

त्याचे म्हणणे खरे होते. पाचव्या पानावर मंजुळा बागेत पाऊल टाकत होती आणि सहाव्या पानावर डोंगऱ्यादेवाची माहिती सुरू होत होती. प्रत्येक प्रसंगात मी तिला थांबवून वाचकाकडे तोंड करून उभे केले होते आणि तिच्या तोंडून तिच्या समाजाची ओळख करून दिली होती. शेजारणीला कोणी आपल्याच घरच्या देवाची माहिती सांगत नाही. ती सांगू लागली की समजावे, समोर शेजारीण नसून वाचक बसलेला आहे.

ताईंना मी हाही खर्डा दाखवला. मोर्चाच्या पानांवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी मावशी चालली होती त्या मोर्चात. तिला विचाराल तर ती तुम्हाला आधी चपलेचं सांगेल. जाण्याआधी नवी चप्पल घेतली, ती दुसऱ्या दिवशीच तुटली, आणि दुकानदारानं ती बदलून दिली नाही. त्याच्यावरचा तिचा राग अजून गेलेला नाही." मावशीला जमिनीचा प्रश्न कळत नव्हता असा याचा अर्थ मुळीच नाही. तो कळत होता म्हणूनच ती नाशिकपासून मुंबईपर्यंत चालली. पण तिच्या आठवणीत तो मोर्चा चपलेच्या तुटलेल्या पट्ट्यासकट साठवलेला आहे, आणि माझ्या कथेत तो वर्तमानपत्रात छापून आलेल्या छायाचित्रासारखा आला होता. ती दीड पाने मी त्याच रात्री काढून टाकली.

पहिल्या खर्ड्यात मंजुळा दयेचा विषय होती, दुसऱ्यात आदराचा. दोन्हींत तिला स्वतःचे असे काम मी दिले नव्हते. तिच्याबाबतीत गोष्टी घडत होत्या किंवा तिच्याबद्दल गोष्टी सांगितल्या जात होत्या. गोष्ट पुढे जात नव्हती आणि मंजुळा उभी राहत नव्हती, या दोन्हींचे कारण एकच होते, हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेले. कथानक एका पारड्यात आणि पात्राचे चित्रण दुसऱ्या पारड्यात घालून तोलत बसण्याची माझी रीतच मुळात चुकत होती. पात्राला काहीतरी हवे असते, ते मिळवण्यासाठी ते काही करते, त्या करण्याची किंमत मोजते, आणि यालाच आपण कथानक म्हणतो. ज्या माणसाला काही हवे असण्याची मुभाच लेखकाने दिली नाही, त्याचे चित्रण कितीही आदराने केले तरी ते भिंतीवर टांगण्याच्या कामाचे राहते.

मग मंजुळेला काय हवे होते? याचे उत्तर समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नव्हते. ते मला द्राक्षबागेच्या कामात सापडले, आणि त्यासाठीही ताईंचे आभार मानावे लागतील.

आमच्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरात, होणारी गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरच्या निवडलेल्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागांना, हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, म्हणजे सगळे डोळे एका वेळी फुटतात आणि पुढे घड एकसारखे येतात. मजूर या कामाला नुसते 'पेस्ट लावणे' म्हणतात. कुठली काडी झाली आणि कुठली राहिली हे कळावे म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. संध्याकाळी टोळी बागेतून बाहेर पडते तेव्हा सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल असतात. हातमोजे दिलेले असतात, नसतात, फाटलेले असतात. हे रसायन कातडीला पोळते. हे सारे मी बागायतदाराच्या ओट्यावर बसून, कर्जाचे कागद मांडीवर घेऊन, दुरून पाहिले होते.

जे मी पाहिले नव्हते ते ताईंनी सांगितले. काशिरामच्या दारूबद्दल मी त्यांना स्पष्टच विचारले होते, की ती ठेवू की काढू? आदिवासी पुरुष दारुडा दाखवणे हा इतका झिजलेला साचा आहे, की त्याला हात लावायची मला लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, "दारुडा दाखवू नका असं मी म्हणणार नाही. आमच्यात आहेत, तुमच्या बँकेतही असतील. पण तो नुसता दारुडा नको. आणि एक सांगते, पेस्टच्या दिवसांत आमच्या टोळीतलं कोणी दारूला शिवायचं नाही. प्यायलं की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, माणूस ओकून ओकून आडवा पडतो. एकदा अनुभव घेतला की पुन्हा कोणी धजत नाही."

मी घरी येऊन शोधले. ताईंचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होते. सायनामाइड शरीरात गेले की दारूचे पुढचे विघटन अडते, ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठत जाते आणि नेमकी हीच लक्षणे दिसतात. म्हणूनच पेस्टचे काम करणाऱ्याने त्याच्या आधी आणि नंतरचे काही दिवसही दारू घेऊ नये, असा इशारा दिलेला असतो. म्हणजे पहिल्या खर्ड्यात मी काशिरामला पेस्टच्या ऐन हंगामात रोज रात्री झिंगत आणले होते, ते साचेबद्ध तर होतेच, शिवाय त्या कामाच्या दृष्टीने अशक्यही होते. ज्याने ते काम केले आहे असा कोणीही वाचक त्या ओळीवर मला सोडून गेला असता.

त्या रात्री मंजुळेला काय हवे आहे ते मला कळले. तिला काशिरामला सलग दोन महिने पेस्टच्या कामावर ठेवायचे होते.

एका बागेची पेस्ट एक-दोन दिवसांत उरकते. सलग दोन महिने हे काम हवे असेल तर एका मुकादमाच्या टोळीत राहून भागत नाही. सटाण्याकडे अगाप बागांची छाटणी आधी होते. तिथून सुरुवात करून, बाग मागून बाग उक्ती घेत, दिंडोरी आणि निफाडपर्यंत यावे लागते. त्यासाठी स्वतःची टोळी हवी, म्हणजे आपल्या शब्दावर येणारी दहा-बारा माणसे हवीत. मुकादमाची उचल फिटलेली हवी. बागायतदाराशी एकरी भाव ठरवता यायला हवा, तोही त्याच्या भाषेत. आणि हे सगळे दारू सोडवण्यासाठी चालले आहे ही गोष्ट नवरा-बायको दोघांनाही ठाऊक असून, दोघांनीही ती तोंडातून काढायची नाही. मी लिहीत गेलो आणि जिथे दुसऱ्या खर्ड्यात एका पानावर माहितीचे ढीग पडले होते, तिथे आता माणसे एकमेकांशी भांडू लागली, घासाघीस करू लागली, शब्द फिरवू लागली. मुकादम उगाच दुष्ट करावा लागला नाही. त्याचीही माणसे तुटत होती, एवढे पुरे होते.

मंजुळेची ही युक्ती निष्पाप नाही. जे रसायन हात पोळते त्यात ती नवऱ्याला रोज उतरवते आणि स्वतःही उतरते. एका प्रसंगात फाटलेला हातमोजा ती काशिरामला न देता टोळीतल्या एका लहान मुलीला देते, आणि तो काही न बोलता लाल बोटे पाण्यात बुडवून बसतो. मंजुळा ते पाहते आणि पाठ फिरवते. हा प्रसंग लिहिताना माझा हात अडखळला. दुसऱ्या खर्ड्यातल्या मंजुळेला मी असे काही करू दिले नसते. पण तिच्या हातून ही कठोर गोष्ट घडली, त्या क्षणापासून ती मला विचारून चालेनाशी झाली.

नाशिकचेच बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रह मी या काळात पुन्हा वाचला. त्यातली माणसे वाचकाची सहानुभूती मिळावी म्हणून नीटनेटकी करून आणलेली नाहीत. ती चिडतात, चुकतात, क्रूरही होतात, आणि त्यामुळेच त्यांच्यावर होणारा अन्याय वाचकाला बाजूला सारता येत नाही. तरीही बागूल ज्या जगाबद्दल लिहीत होते ते त्यांचे स्वतःचे होते, आणि मी ज्या जगाबद्दल लिहितो ते माझे नाही. हा फरक मी विसरू इच्छित नाही. परकायाप्रवेश मराठीला नवा नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः लिहिलेली 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी यमू नावाच्या मुलीने स्वतः सांगितलेली कहाणी म्हणून लिहिली आहे, आणि लिहिणारा पुरुष होता. पण यमू ज्या घरांत वावरते, तशी घरे आपट्यांनी आतून पाहिली होती. मी मंजुळेची झोपडी आतून पाहिलेली नव्हती. म्हणून मी निवेदन तिच्या तोंडी दिले नाही. कथा तृतीयपुरुषी ठेवली आणि निवेदकाला मात्र बागायतदाराच्या ओट्यावरून उठवून बागेत, वेलींच्या रांगेत, मंजुळेच्या मागे दोन पावलांवर उभे केले. तिला जे दिसते ते त्यालाही दिसते. तिच्या मनातले सगळे आपल्याला कळते असा आव तो आणत नाही.

भाषेचा प्रश्नही याच रीतीने सुटला. एका संपादकांनी मला सुचवले होते की थोडे बोलीतले शब्द पेरा, कथेला रंग येईल. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु मला ते पटले नाही. मंजुळा स्वतःच्या माणसांशी बोलते तेव्हा तिची भाषा तिच्या कानाला अडाणी, रांगडी किंवा रंगीत वाटत नाही. ती तिची नेहमीची, धावती, चिमटे काढणारी भाषा असते. म्हणून टोळीतले आपसातले सगळे बोलणे मी सरळ, प्रवाही मराठीत लिहिले, आणि नागली, पाडा, कणसरी असे जे शब्द दुसऱ्या शब्दाने सांगताच येत नाहीत तेवढेच ठेवले. बागायतदाराशी एकरी भाव ठरवताना मात्र ती तिच्या दृष्टीने परक्या भाषेत बोलते. तिथे तिची वाक्ये तुटक होतात, ती शब्द शोधते, आकडे बोटांवर मोजून दाखवते. मालकाला वाटते की बाईला फारसे कळत नाही. वाचकाने मात्र आधीच्या पानावर तिला बारा माणसांना कामाला राजी करताना ऐकलेले असते.

तिसऱ्या खर्ड्याचा शेवट मला भाताने दिला. पेठ-सुरगाण्याला पाऊस मुबलक पडतो, पण पाणी डोंगरावर थांबत नाही. म्हणून खरिपाचे भात, नागली आणि वरई निघाली की बहुतेक घरांना कामासाठी बाहेर पडावे लागते. अडचण अशी, की गोडी छाटणीचे ऐन दिवस आणि भात कापणीला येण्याचे दिवस एकमेकांत शिरतात. कथेत निफाडची शेवटची मोठी बाग मंजुळेने उक्ती घेतलेली आहे, काशिराम दीड महिना कोरडा आहे, आणि पाड्यावरून निरोप येतो की भात पिकले आहे, आभाळ भरून येते आहे, निघून या. टोळीतली निम्मी माणसे गाठोडी बांधू लागतात. मंजुळा थांबते. रात्री ती लाल बोटांनी भाकरी मोडते, काशिराम समोर बसलेला असतो आणि दोघेही पावसाचा आवाज ऐकतात. इथे मी कथा संपवली होती.

ताईंनी हा खर्डा मागच्या महिन्यात वाचला. याही वेळी चहा गार झाला. संवादांवर त्यांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. हातमोज्याच्या प्रसंगाशी त्या थांबल्या आणि पुढे गेल्या. शेवटचे पान उलटून त्यांनी मागे आणखी काही आहे का ते पाहिले.

"मग भात कोणी कापलं?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो की ते मी वाचकावर सोडले आहे.

"वाचकाला शहरात काय माहीत? भात कोणीतरी कापलंच असणार. पिकलेलं भात कोणी उभं ठेवत नाही. जावेनं कापलं असेल. मग जावेचे दोन दिवस हिच्यावर चढले. ते हिला नागलीला फेडावे लागतील, आणि जाऊ ते वर्षभर ऐकवेल."

मी वही उघडली. जाऊ माझ्या कथेत एका ओळीतसुद्धा नव्हती. मंजुळेच्या निर्णयाची किंमत कोणीतरी डोंगरावर, भर पावसात, कोयता हातात घेऊन मोजली होती, आणि मी शेवट सूचक करण्याच्या नादात त्या बाईला कथेबाहेर ठेवले होते. आता कथा निफाडच्या बागेत संपत नाही. मंजुळा आणि काशिराम घाट ओलांडून घरी पोचतात, तेव्हा भात घरात आलेले असते, नागली अजून शेतात उभी असते, आणि जाऊ दारात बसून कोयत्याची धार पाहत असते. ते पान मी या आठवड्यात लिहायला घेतले आहे.